वळकटी आणि खोळ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांत, बारी नांवाचें गांव आहे. कळसूबाईच्या शिखरावर जाणारे बहुतेक लोक येथूनच वाट धरतात. शिखराची उंची १६४६ मीटर; महाराष्ट्रांत याहून उंच जागा नाहीं. मार्गशीर्षांतील एका शनिवारीं संध्याकाळीं प्रस्तुत लेखक तेथील एका घराच्या ओटीवर टेकला असतां शहरांतील तरुणांचा एक जथा येऊन थांबला. प्रत्येकाच्या पाठीवर भली मोठी पिशवी आणि तिच्या तळाशीं पट्ट्यांनीं करकचून आवळलेलें, कलिंगडाएवढें एक गाठोडें. घरच्या वृद्ध गृहस्थांनीं त्या गाठोड्यांत काय आहे म्हणून विचारलें. रात्रीचें अंथरूण-पांघरूण सर्व त्यांतच आहे, असें उत्तर मिळालें. त्यावर खांद्यावरची काळी घोंगडी सावरीत म्हातारबोवा म्हणाले, "येवढ्याशा गठुड्यात ऊब मावती व्हय?"

तरुण हंसले आणि त्यांच्याबरोबर मीही हंसलों. परंतु तो प्रश्न माझ्या मनास लागून राहिला, कारण त्याचें उत्तर मीं थोड्याच दिवसांपूर्वीं मोठ्या नामुष्कीनें शिकलों होतों. कांहीं वर्षांमागें मीं अशीच एक पिसांची स्लीपिंग बॅग विकत घेतली, दोन वेळां वापरली, आणि दुकानांतून आली होती तशीच तिच्या चिमुकल्या पिशवींत कोंबून कपाटावर टाकून दिली. मध्यें तीन पावसाळे गेले. पुढें माझा भाचा पौषांत हरिश्चंद्रगडावर निघाला, तेव्हां मोठ्या औदार्याचा आव आणून ती मीं त्यास दिली. पाचनईच्या बाजूनें वर चढून मंडळी गुहेंत निजली. मध्यरात्रीनंतर त्या मुलास अशी हुडहुडी भरली कीं, सोबत्यांनीं आपलीं पांघरुणें त्याच्या अंगावर घालून व त्यास मध्यें घेऊन उरलेली रात्र बसून काढली. तो तापानें फणफणत घरीं आला. बॅग उघडून पाहतों तों पिसांच्या जागोजाग गुठळ्या झालेल्या, अस्तरास बुरशीचा वास, आणि दोन थरांमध्यें बोटभर देखील जाडी उरलेली नाहीं. वस्तु जुनी नव्हती, कोठें फाटली नव्हती. मीं ती नुसती ठेवून ठेवून मारली होती. त्याच खोलींत दांडीवर आमच्या आजीची घोंगडी लोंबत होती. तिला पन्नासांवर वर्षें झालीं असतील; ती अद्यापि ऊब देते.

म्हातारबोवांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. ऊब त्या गाठोड्यांत मावत नाहीं. लोंकर, कापूस किंवा पिसें यांपैकीं कोणतीहि वस्तु स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ऊब शरीराची असते. ती बाहेर जाऊं न देण्याचें काम तंतूंच्या जाळ्यांत अडकून निश्चल राहिलेली हवा करते. गाठोडें आवळलें म्हणजे आपण ही हवाच पिळून टाकतों. मुक्कामीं पोंचून तें सोडलें म्हणजे तंतु आपल्या अंगच्या लवचिकपणानें पुन्हां उभे राहतात व हवा आंत घेतात. म्हणजे आपण पाठीवरून वाहून नेतों ती ऊब नव्हे, तर पुन्हां फुगण्याची शक्ति. ही शक्ति तास दोन तास, फार तर दिवसभर, दाबून ठेवतां येते. महिनेच्या महिने दाबली कीं ती मरते. आमच्या वाडवडिलांनीं हें शास्त्र पुस्तकांत लिहून ठेविलें नाहीं. पण त्यांच्या वहिवाटीकडे पाहिलें म्हणजे तें त्यांस पक्कें ठाऊक होतें असें दिसून येतें.

नगर जिल्हा हा या बाबतींत मोठा चमत्कारिक प्रदेश आहे. पश्चिमेस घाटमाथ्यावर अकोल्याच्या डोंगरांत पाऊस नुसता कोसळतो. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें तें याच पाण्याच्या भरंवशावर. तेथून पूर्वेस उतरूं लागलें कीं पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सारा अवर्षणाचा मुलूख लागतो. घोंगडीची लोंकर या कोरड्या माळावर पिकते आणि तिची खरी गरज त्या ओल्या डोंगरांत लागते. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें धनगराच्या घरीं १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचेंच नांव २०२४ सालीं या जिल्ह्यास मिळालें. येथील दख्खनी मेंढी ही कांहीं मऊ लोंकरीकरितां प्रसिद्ध नाहीं. तिची लोंकर जाडीभरडी आणि तुटपुंजी. वर्षांतून दोनदां कातरली तरी एका मेंढीची मिळून अर्ध्या किलोच्या आगेंमागेंच भरते. एका घोंगडीस कित्येक मेंढ्यांची लोंकर खर्चीं पडते. ती पिंजावयाची, बायकांनीं कांतावयाची, ताण्यास चिंचोक्यांची खळ कुंच्यानें लावावयाची, आणि मग मागावर विणावयाची. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते व अंगास टोंचते. पण जाडेपणा हा जसा तिचा दोष तसाच तो गुणहि आहे. जाड तंतु चटकन् दबत नाहीं, आणि दबला तरी उठून बसतो. शिवाय लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटांत घेते आणि तरी हातास ओली लागत नाहीं. धुक्यांत, दंवांत किंवा भुरभुर पावसांत घोंगडी ऊब सोडीत नाहीं ती यामुळें.

पावसांत शेतकरी घोंगडीचें एक टोंक दुमडून तिचें डोक्यावर टोपडें करतो आणि बाकीची पाठीवरून खालीं सोडतो. हिला खोळ म्हणतात. गादीच्या अभ्र्यासही तोच शब्द आहे. तान्ह्या मुलाच्या कुंचीप्रमाणें डोक्यापासून पायांपर्यंत माणसास आंत घेणारी जी ही नवी विलायती वस्तु, तिला मराठींत खोळच म्हणावें असें मला वाटतें. निद्रापेटिका, शयनकोश असले शब्द सुचविणाऱ्या पंडितांनीं एकदां अकोल्याच्या पावसांत उभें राहून पाहावें.

मात्र घोंगडी एकदां खरोखरच पुरी भिजली म्हणजे मोठी पंचाईत. ती उचलवत नाहीं, पिळवत नाहीं, आणि आभाळ असलें तर दिवसचे दिवस वाळत नाहीं. 'भिजत घोंगडें' हा शब्दप्रयोग आपण रखडलेल्या खटल्यास किंवा लांबलेल्या लग्नास लावतों. पण ज्याच्या घरीं श्रावणांत खरें घोंगडें भिजत पडलें असेल, त्यासच त्यांतला कंटाळा पुरता कळेल.

दिवाळीच्या सुमारास पारनेरकडील, विशेषतः ढवळपुरीच्या बाजूचे, धनगर आपले कळप घेऊन घाट उतरून कोंकणांत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परत येतात. सगळें बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असतें. त्यांची घोंगडी सकाळीं घडी होऊन ओझ्यावर जाते, आणि रात्रीं पसरून अंगाखालीं किंवा अंगावर येते. बारा तासांहून अधिक काळ ती दबून राहतच नाहीं. जे लोक आठ महिने प्रवासांत असतात, त्यांच्या अंथरुणास साठवणीचा रोग होत नाहीं. तो घरीं बसणाऱ्यांच्या अंथरुणास होतो. माझी बॅग प्रवासानें झिजली नाहीं, विश्रांतीनें मेली, असें मी म्हणतों तें याच अर्थानें.

घोडदळाच्या काळींहि हाच प्रकार होता. नगरपासून जवळच भातवडी येथें १६२४ सालीं मलिक अंबरानें मोंगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईंत होते, व त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. तंबू-कनातींच्या जड छावणीविरुद्ध हलक्या सामानाच्या स्वारांनीं मिळविलेला तो जय होता. अशा स्वाराच्या सामानाची आठवण आज भाषेनें जपली आहे. गाशा म्हणजे खोगिरावर घालावयाचें कापड. तो गुंडाळला कीं मुक्काम हलला. खोगिराच्या आंत चिंध्याचांध्या भरीत, त्यावरून 'खोगीरभरती' हा शब्द आला, आणि मासिकांच्या संपादकांस तो फार उपयोगीं पडतो. पण मूळ गोष्ट हंसण्यासारखी नव्हती. खोगिरांतील भरण एका जागीं गोळा झालें म्हणजे घोड्याची पाठ सोलून निघे, आणि पाठ गेलेला घोडा म्हणजे पायीं चालणारा स्वार. भरण सर्वत्र सारखें राहिलें पाहिजे, गुठळी होतां कामा नये, ही काळजी पिसांच्या खोळीइतकीच खोगिरासहि लागू होती.

घरांतील साठवणीची आमची रीत तर याहून शहाणपणाची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत गडावरील दारू, बाण वगैरे सामान ठराविक दिवसांनीं बाहेर काढून त्यास ऊन द्यावें व पुन्हां बंद करून ठेवावें, असा दंडक घालून दिला आहे. जो न्याय गडावरील कोठारास तोच घरांतील अंथरुणास. नवरात्रापूर्वीं आमच्या घरोघरीं 'दसरा काढतात'. म्हणजे घरांतलें चिंधीपासून चादरीपर्यंत सर्व कापड धुवावयाचें, गोधड्या व वाकळा नदीवर न्यावयाच्या, आणि जें धुतां येत नाहीं त्यास कडक ऊन द्यावयाचें. घोंगडी झटकून, काठीनें बडवून, दोन्ही बाजूंनीं उन्हांत उलथीपालथी करीत. मग घडवंचीवर सैल घडी, घडींत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला. आणि पुढच्या खेपेस घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घालावयाची. हें शेवटचें आमची आजी फार कटाक्षानें पाळी. त्याच त्याच रेघेवर घडी घातली कीं त्या रेघेवर तंतु मोडतो आणि घोंगडी तेथेंच विरते.

ही धार्मिक वेडगळ समजूत आहे असें लहानपणीं मला वाटे. आतां तिचा अर्थ लागतो. लोंकरीस कसर लागते म्हणजे काय? उडणारा बारीक पतंग कापड खात नाहीं. त्याची अळी खाते. तिला अंधार आणि निवांतपणा लागतो, आणि ज्या भागांस घाम किंवा खरकटें लागलेलें असतें ते ती आधीं गांठते. वर्षांतून दोनतीनदां उजेड, ऊन आणि बडवणूक वांट्यास आली कीं तिचा निवांतपणा संपतो. पिसें हीं लोंकरीच्याच जातीच्या द्रव्याचीं असल्यामुळें हीच अळी पिसांसहि लागते. दुकानांतील डांबरगोळ्या किड्यांस चालत नाहींत हें खरें. पण खोळींत नाकासह शिरून रात्र काढावयाची असते, तेव्हां तो वास किड्याइतकाच माणसासहि सोसत नाहीं.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ सालीं सुरू झाली आणि नगरचा माणूस वळकटी घेऊन गाडींत चढूं लागला. सतरंजींत गादी, गादींत उशी, आंत एखादें धोतर, आणि वर सुंभ. पुढें साहेबांचें पाहून जाड कापडाचा, पट्ट्यांचा होल्डॉल आला. त्या होल्डॉलविषयीं सांगण्यासारखें एवढेंच कीं, घरीं परत येतांच तो उलगडावा लागे, कारण आंतली गादी दुसऱ्या दिवशीं घरांतच कोणास तरी लागत असे. गरिबीनें अंथरूण वांचविलें. प्रवासासाठीं निराळें आणि घरासाठीं निराळें अंथरूण ठेवण्याची ऐपत आली, तेव्हांपासून प्रवासाचें अंथरूण कपाटावर मरूं लागलें.

तें निराळें अंथरूण आलें कोठून? युरोपांत गिर्यारोहक आणि सैन्य यांच्या गरजेंतून. १८६१ च्या सुमारास फ्रान्सिस टकेट या इंग्रज गिर्यारोहकानें आल्प्स पर्वतांत खालून रबरी कापड लावलेल्या कांबळ्याच्या पिशवीचा प्रयोग केला. १८७६ सालीं वेल्समधील न्यूटाउनच्या प्राइस-जोन्स या लोंकरीच्या व्यापाऱ्यानें 'युक्लिसिया रग' नांवाच्या, उशीसकटच्या कांबळ्याच्या खोळीचें पेटंट घेतलें, आणि रशियन सैन्यास तसल्या हजारों खोळी विकल्या. १८७८ सालीं स्टीव्हन्सन हा ग्रंथकार गाढव घेऊन फ्रान्सच्या डोंगरांत भटकला, तेव्हां त्यानें स्वतः बेतून एक खोळ शिववून घेतली होती: बाहेरून गाडीवर घालावयाचें जलाभेद्य कापड, आंतून मेंढीची केसाळ कातडी, दिवसां सामानाची पिशवी, रात्रीं बिछाना. ती इतकी अवजड झाली कीं तिच्यासाठींच गाढव घ्यावें लागलें. त्याच वर्षीं नगरास रेल्वे आली होती, आणि आमचा धनगर जवळजवळ तेंच ओझें तट्टावर घालून माळशेज उतरत होता.

परंतु खोळ बांधण्याचा व ठेवण्याचा खरा धडा ज्यानें जगास दिला, तो प्रसंग १९११ सालचा. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉटच्या तुकडींतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन हिवाळ्यांत, चोवीस तासांच्या काळोखांत, एम्परर पेंग्विनचीं अंडीं आणण्याकरितां केप क्रोझियरकडे निघाले. पांच आठवडे ते बाहेर होते. पारा एकदां शून्याखालीं ६० अंश सेल्सिअसच्याहि खालीं गेला. त्यांच्याजवळ रेनडियरच्या कातड्याच्या खोळी होत्या. रात्रभर अंगाची आणि श्वासाची वाफ त्या खोळींत शिरे व तेथेंच गोठे. वाळविण्यास ऊन नाहीं, विस्तव पुरेसा नाहीं. निघतांना तिन्ही खोळींचें मिळून वजन ५२ पौंड होतें. परत आले तेव्हां ११८ पौंड. म्हणजे ६६ पौंड, सुमारें ३० किलो, नुसता बर्फ ते ओढीत होते. खोळी गुंडाळल्या तर कातडें मोडेल म्हणून त्यांनीं गुंडाळणें सोडून दिलें आणि त्या तशाच घसरगाडीवर आडव्या पसरल्या. सकाळीं बाहेर पडतांच खोळीच्या तोंडांत सामान कोंबून ठेवीत, म्हणजे गोठतांना तोंड उघडें राहील; नाहींतर रात्रीं आंत शिरणेंच अशक्य. तिघेहि जिवंत परत आले आणि तीन अंडीं घेऊन आले. चेरी-गॅरार्डनें १९२२ सालीं या सफरीची हकीकत प्रसिद्ध केली. ती वाचल्यावर ओलसर अंथरूण बांधून ठेवण्याची माझी जन्माची संवय सुटली.

पिसांचें युग त्यानंतरचें. पाणपक्ष्यांच्या छातीवर वरच्या पिसांखालीं जी मऊ लव असते तिला दांडा नसतो. एका मध्यापासून सर्व दिशांस शेंकडों बारीक केसर फुटलेले असतात. म्हातारीचा कापूस वाऱ्यावर उडतांना आपण पाहतों, तसें तें एकेक फूल. वजनाच्या मानानें इतकी हवा धरणारी आणि इतकी दबणारी दुसरी वस्तु सांपडणें कठीण. परंतु ओली झाली कीं ती केसरें एकमेकांस चिकटतात आणि सर्व हवा सोडतात. आमच्या कापसाच्या गादीसहि गुठळ्या होतात. पण तिच्यासाठीं गल्लींत पिंजारी येई, त्याची तांत वाजे, आणि चार घटकांत गादी नवी होई. पिसांस पिंजारी नाहीं. कृत्रिम धाग्याच्या खोळींना ओल तितकी बाधत नाहीं, मात्र त्यांचा धागा दाबानें व उष्णतेनें लौकर मोडतो, आणि मोडलेला पुन्हां उभा राहत नाहीं. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या मागच्या कप्प्यांत असली खोळ महिनाभर ठेवणें म्हणजे ती मुद्दाम भाजणें होय.

ही सर्व हकीकत ध्यानांत घेतली म्हणजे काय करावें तें सांगण्यास फारसें राहत नाहीं. प्रवासास निघतांना खोळीची घडी घालूं नये आणि सुरळीहि करूं नये. पायांकडचा भाग आधीं घेऊन मुठीमुठीनें ती पिशवींत कोंबावी. ऐकावयास हें अव्यवस्थित वाटतें, आमच्या आजीस तर तें मुळींच रुचलें नसतें. पण प्रत्येक वेळीं वेडीवांकडी कोंबल्यानें दोन खेपांस एकच रेघ मोडत नाहीं, आणि घडी बदलण्यांत तिचा हेतु हाच होता. तोंडाकडचा भाग शेवटीं ठेवला म्हणजे आंतली हवा वाट मिळून निघून जाते. मुक्कामीं पोंचतांच, स्वयंपाकापूर्वींच, खोळ बाहेर काढून मोकळी पसरावी. सकाळीं अंगाची वाफ तींत असतेच. चहा होईपर्यंत ती उलटी करून कातळावर टाकावी. घरीं आल्यावर दोन दिवस वाऱ्यावर ठेवून मग सुती कापडाच्या ऐसपैस पिशवींत, मोठ्या उशीच्या अभ्र्यांत, सैल सोडावी किंवा दांडीवर टांगावी. प्लॅस्टिकच्या पिशवींत घालूं नये, कारण तींत उरलेली ओल कोंडते. भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी, आणि वर ट्रंक ठेवूं नये.

माझ्या त्या बॅगेचें मीं काय केलें, असें कोणी विचारील. भाद्रपदांत, घरांत दसरा काढणें चालू असतां, तिलाहि टबांत सौम्य साबणाच्या कोंबट पाण्यांत हलकेंच दाबून धुतली, न पिळतां दोन्ही हातांवर झेलून बाहेर काढली, आणि वाऱ्यावर बाजेवर चार दिवस पसरली. रोज सकाळ-संध्याकाळ तींतल्या गुठळ्या बोटांनीं एकेक करून फोडल्या. त्यांत भाचा माझ्याबरोबर बसे आणि एक शब्दहि बोलत नसे. फुगारा पूर्वींइतका आला नाहीं. दोनतृतीयांश आला असेल. जुन्या धोतराचा एक मोठा अभ्रा शिवून ती आतां आजीच्या घोंगडीशेजारीं टांगलेली असते.

पुढच्या हिवाळ्यांत ती घेऊन मी पुन्हां बारीस गेलों. म्हातारबोवा ओटीवरच होते. मीं पिशवीचें तोंड सोडून खोळ त्यांच्यासमोर पसरली, आणि आम्ही दोघे तिच्याकडे पाहत बसलों. पाव तासांत ती हळूहळू वर आली. त्यांनीं तळहातानें दाबून पाहिली. ती खालीं गेली आणि हात काढतांच पुन्हां उठली. त्यांस तें पसंत पडल्यासारखें दिसलें.

"मेंढराची हाय का?" त्यांनीं विचारलें.

"बदकाची."

"अन् भिजली मंजी?"

मीं खरें तें सांगितलें. त्यांनीं खांद्यावरची घोंगडी पुढें ओढून घेतली आणि डोंगराकडे पाहूं लागले. तिकडे आभाळ भरून येत होतें.